यकृतांतील लोह : एका उपचाराचा इतिहास

रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, राजपुरीच्या खाडीच्या मुखाशीं दक्षिणेच्या अंगास दिघी हें बंदर आहे. जवळच समुद्रांत जंजिऱ्याचा किल्ला उभा असून त्याच्या तटावरील लोखंडी तोफा कित्येक पिढ्या खारा वारा खात पडल्या आहेत. या किनाऱ्यावर होडी बांधणारा सुतार, जाळें ओढणारा कोळी आणि बंदरांत साखळदंड राखणारा खलाशी या सर्वांना लोखंडाचा स्वभाव पुरता ठाऊक असतो. हा धातु जितका बळकट तितकाच उतावळा. हवेंतील प्राणवायूशीं त्याची गांठ पडली कीं त्याला स्वस्थ बसवत नाहीं. तो स्वतः गंजतो आणि ज्या फळींत ठोकला असेल त्या फळीचें लांकूडहि भोंवतालीं कुजवितो. म्हणून जाणता सुतार खिळ्याचें डोकें उघडें ठेवीत नाहीं. त्यावर तेलाचा किंवा डांबराचा हात फिरवून मगच तो होडी पाण्यांत लोटतो.

मनुष्यदेहांतहि लोहाचा हा स्वभाव पालटत नाहीं. प्राणवायूशीं असलेल्या या सलगीमुळेंच रक्तांतील लोह फुप्फुसांतला प्राणवायु उचलून अंगोपांगीं पोंचवितें. आणि याच सलगीमुळें तें प्रमाणाबाहेर सांचलें म्हणजे राहत्या घरालाच आग लावतें. या दुहेरी स्वभावाच्या इतिहासांतील एक अध्याय आम्ही येथें सांगणार आहों. ‘हेपॅटायटिस सी’ या नांवाची जी दीर्घकाळ टिकणारी यकृताची विषाणुजन्य व्याधि आहे, तिच्या उपचारांत एके काळीं रुग्णाच्या शरीरांतील लोह मोजण्यास आणि तें उतरविण्यासाठीं त्याचें रक्त काढण्यास मोठें महत्त्व आलें होतें. हा विचार कोठून आला, कितपत खरा ठरला आणि आज त्यांतून सामान्य कुटुंबानें काय घ्यावें, हा आमचा विषय. तो केवळ वैद्यांचा आहे असें कोणी समजूं नये. अशक्तपणा दिसला कीं ‘रक्त कमी झालें’ म्हणावें आणि रक्त कमी झालें कीं लोहाचें औषध आणावें, हा हिशेब आपल्या घरांत इतका रुळला आहे कीं तो केव्हां केव्हां उलटाहि पडतो ही शंकाच कोणास येत नाहीं.

प्रथम लोहाचा जमाखर्च पाहूं. प्रौढ माणसाच्या देहांत एकंदर लोह अवघें तीन ते चार ग्रॅम, म्हणजे एखाद्या बेताच्या खिळ्याएवढें. त्यांतील सुमारें दोनतृतीयांश रक्तांतील तांबड्या पेशींत असतें. रोजच्या अन्नांतून आंतडें एक ते दोन मिलिग्रॅम एवढेंच लोह आंत घेतें आणि जवळजवळ तितकेंच झडणाऱ्या पेशींबरोबर बाहेर जातें. स्त्रियांच्या देहांतून मासिक स्रावाबरोबर तें कांहीं अधिक जातें. परंतु जास्त झालेलें लोह मुद्दाम बाहेर टाकण्याची सोय निसर्गानें ठेविलेली नाहीं. मीठ जास्त झालें तर तें मूत्रावाटे निघून जातें. लोहाला आंत येण्याची वाट आहे, परतीची नाहीं. या लोहाचें मोठें कोठार म्हणजे यकृत. तेथें ‘फेरिटिन’ नांवाच्या प्रथिनाच्या डबींत तें झांकून ठेविलेलें असतें. सुताराच्या डांबराचें काम येथें ही डबी करते. डबी अपुरी पडली म्हणजे उघडें लोह पेशींतील पेरॉक्साइडाशीं मिळून अत्यंत उग्र, पोळणारे कण उत्पन्न करतें. लोह आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांच्या संयोगाची ही दाहक शक्ति फेन्टन या इंग्रज रसायनज्ञानें १८९४ सालीं दाखवून दिली होती. तिचा यकृताच्या रोगाशीं काय संबंध, हें उमगण्यास मात्र पुढें बहुतेक एक शतक जावें लागलें.

आमच्या प्राचीन वैद्यांना रसायनाची ही वाट माहीत असण्याचें कारण नव्हतें. तथापि रक्ताचा आणि यकृताचा संबंध त्यांच्या दृष्टीस पडला होता. रक्त वाहणाऱ्या स्रोतसांचें मूळ यकृत आणि प्लीहा यांत आहे, असें चरक आणि सुश्रुत या दोघांच्याहि संहितांत सांगितलेलें आहे. पांडुरोगावर चरकसंहितेंत ‘नवायस’ चूर्ण येतें; त्यांत नऊ वनस्पतिज औषधें आणि त्यांच्या जोडीस नऊ भाग लोहचूर्ण असतें. मंडूर म्हणजे लोखंडाचा जुना कीट; त्याचे वटकहि तेथेंच पांडुरोगाच्या चिकित्सेंत आले आहेत. हें झालें लोह देण्याचें शास्त्र. दुसऱ्या बाजूस सुश्रुतानें रक्त काढण्याचें शास्त्र विस्तारानें सांगितलें, आणि त्यांत प्लीहेच्या विकारांत डाव्या हाताच्या कोपराच्या आंतल्या अंगाची शीर वेधावी, तशीच यकृताच्या विकारांत उजव्या हाताची वेधावी, असा स्पष्ट निर्देश केला. आज रुग्णालयांत रक्त काढतात तें बहुधा कोपराच्या याच खोबणींतून. हा योगायोग पाहून ‘आमच्या पूर्वजांना सर्व कांहीं ठाऊक होतें’ असा जयघोष करण्याचा मोह एखाद्यास होईल. आम्हांस तो प्रशस्त वाटत नाहीं. सुश्रुतानें शीर वेधावयास सांगितली ती दूषित रक्त बाहेर जावें म्हणून. लोह कमी व्हावें म्हणून नव्हे. त्याच्या निरीक्षणाचा मान अवश्य राखावा. परंतु पुढल्या काळाचें ज्ञान त्याच्या पदरीं बांधूं नये.

युरोपांतहि हेच दोन प्रवाह शेजारीं शेजारीं वाहत होते. सतराव्या शतकांत लंडनचा नामांकित वैद्य सिडनहॅम फिकटलेल्या तरुणींना लोखंडाचें औषध देत असे. १७४६ सालीं बोलोन्या येथील मेंघिनी यानें रक्त जाळून उरलेल्या राखेंतील कण लोहचुंबकानें उचलून दाखविले आणि रक्तांत खरोखर लोखंड आहे ही गोष्ट सिद्ध केली. १८३२ सालीं फ्रान्समध्यें ब्लॉ या डॉक्टरच्या लोहगोळ्या निघाल्या आणि त्या दूरवर पसरल्या. दुसऱ्या अंगानें रक्त काढण्याचें तर वेडच माजलें होतें. ताप असो, फुप्फुसदाह असो, डोकें दुखत असो. शीर तोडावी नाहीं तर जळवा लावाव्या, हा ठरलेला उपाय. आमच्याकडे तुंबडी लावणारे गांवोगांव फिरत, तिकडे जळवांचा रोकडा व्यापार चाले. या वेडाला पहिला लगाम घातला तो पॅरिसच्या पिएर लुई यानें. त्यानें रुग्णांची नीट मोजदाद करून, रक्त काढल्यानें फुप्फुसदाहाच्या रोग्यास विशेष लाभ होत नाहीं हें १८३५ सालीं आंकड्यांनीं दाखविलें. तेव्हांपासून रक्तमोक्षण हळूहळू बदनाम झालें. लोह मात्र ‘टॉनिक’ या नव्या नांवानें घरोघर पूज्य होऊन बसलें.

लोह म्हणजे शक्ति हें समीकरण किती अपुरें आहे याचा एक ठळक दाखला आमच्याच मुंबईंत मिळाला. परळच्या हाफकिन संस्थेंत १९२८ सालीं लूसी विल्स ही इंग्रज डॉक्टरीण संशोधनासाठीं आली. गिरण्यांत राबणाऱ्या गरीब कुटुंबांतील गरोदर स्त्रियांना त्या काळीं एक घोर पांडुरोग जडत असे, आणि कित्येक माता त्यांत दगावत. विल्सबाईंनीं या स्त्रियांचा आहार तपासला, प्राण्यांवर प्रयोग केले आणि मार्माइट नांवाच्या यीस्टच्या स्वस्त अर्कानें हा रोग हटतो, हें १९३१ सालीं प्रसिद्ध केलें. त्या अर्कांतील गुणकारी द्रव्य म्हणजे दहा वर्षांनीं ओळखलें गेलेलें फॉलिक ॲसिड. या स्त्रियांचे चेहरे पांढुरके होते. परंतु त्यांच्या रोगाचें मूळ लोहाच्या अभावांत नव्हतें. डोळ्यांना दिसणारा फिकटपणा हा एक प्रश्न आहे, उत्तर नव्हे. हा परळचा धडा पुढील सर्व हकीकतींत ध्यानांत ठेवण्याजोगा आहे.

लोह कमी असण्याचा विचार इतका जुना. जास्त होण्याचा विचार मात्र अर्वाचीन. त्वचा काळवंडलेली, मधुमेह जडलेला आणि यकृत कठीण झालेलें, असा एक चमत्कारिक रोग फ्रान्समध्यें त्रूसो यानें १८६५ सालीं वर्णिला. १८८९ सालीं जर्मनींतील फॉन रेक्लिंगहाउसेन यानें त्यास ‘हिमोक्रोमॅटोसिस’ हें नांव दिलें आणि त्यांत यकृतादि अवयवांत लोह सांठतें हें दाखविलें. १९३५ सालीं इंग्लंडांत शेल्डन यानें अशा ३११ रुग्णांची हकीकत एकत्र करून, हा जन्मतः आलेला दोष असून आंतडें लोह अतोनात शोषितें, असा निष्कर्ष काढला. आतां यावर औषध कोणतें? देहांत परतीची वाट नसेल तर ती शिरेवाटेंच पाडली पाहिजे. एका वेळीं साडेचारशें ते पांचशें घनसेंटिमीटर रक्त काढलें कीं त्याबरोबर दोनशें ते अडीचशें मिलिग्रॅम लोह जातें. मग नवें रक्त घडविण्यासाठीं शरीर कोठारांतलें लोह उपसूं लागतें. १९५० च्या सुमारास हा उपचार या रोगावर सुरू झाला आणि उत्तम ठरला. शंभर वर्षांपूर्वीं हंसून टाकून दिलेलें रक्तमोक्षण असें सकारण परत आलें. फरक एवढाच कीं आतां काय काढावयाचें आणि किती, हें मोजतां येत होतें.

येथून आम्ही मुख्य व्याधीकडे वळतों. आपल्या भाषेंत ‘कावीळ’ हा एकच शब्द. पण त्या शब्दाखालीं अनेक निराळे रोग नांदतात. दूषित पाण्यावाटे व अन्नावाटे येणारे ‘ए’ आणि ‘ई’ हे विषाणु बहुधा कांहीं आठवड्यांत आपण होऊन निघून जातात; आणि गांवोगांव कावीळ ‘उतरविणारे’ जे लोक यश मिळवितात तें बहुतांशीं या आपोआप बऱ्या होणाऱ्या काविळीचें. ‘बी’ आणि ‘सी’ यांची जात निराळी. ते रक्तावाटे शिरतात आणि ठाण मांडून बसतात. सन १९७५ च्या सुमारास अमेरिकेंत हार्वे ऑल्टर आणि त्यांचे सहकारी यांना असें दिसलें कीं, रक्त भरल्यानंतर होणारा यकृतदाह पुष्कळ रुग्णांत ‘ए’नें होत नाहीं आणि ‘बी’नेंहि होत नाहीं. त्या अज्ञात शत्रूस नांवहि नव्हतें. ‘ए नव्हे, बी नव्हे’ असेंच त्यास म्हणत. १९८९ सालीं मायकेल हाउटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं त्याचा छडा लावला व त्यास ‘सी’ हें नांव मिळालें. हाच विषाणु एकटा रोगास पुरेसा आहे, हें चार्ल्स राइस यांच्या प्रयोगांनीं १९९७ सालीं सिद्ध झालें. या तिघांस २०२० सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

या रोगाची भयंकरता त्याच्या मुकेपणांत आहे. विषाणु शिरला तेव्हां बहुतेकांना कावीळ होतच नाहीं. शंभरांतील सुमारें तीस जण कांहीं महिन्यांत त्यातून आपोआप मोकळे होतात; उरलेल्या सत्तरांच्या यकृतांत तो राहून जातो, आणि त्यांतील पंधरा ते तीस टक्क्यांना वीस वर्षांच्या आंत सिऱ्होसिस होतो, म्हणजे यकृत चिवट धाग्यांनीं भरून कठीण होतें. पुढें कांहींना कर्करोग होतो. या सर्व काळांत रुग्णाची तक्रार बहुधा एकच : थकवा. आणि थकवा म्हटला कीं आमच्याकडे लोहाची बाटली आलीच.

लोह आणि हा विषाणु यांची सर्वांत दारुण गांठ पडली ती थॅलॅसेमियाच्या मुलांच्या देहांत. या आनुवंशिक रोगांत मुलाला स्वतःचें धड रक्त घडवितां येत नाहीं. दोनचार आठवड्यांनीं दुसऱ्याचें रक्त भरूनच त्यास जगवावें लागतें. मुंबई आणि उल्हासनगर येथें फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांत, तसेंच इतरहि कांहीं समाजांत, हा रोग विशेष आढळतो. रक्ताच्या प्रत्येक पिशवीबरोबर दोनशेंहून अधिक मिलिग्रॅम लोह अंगांत जातें. वर्षांत पंचवीस पिशव्या भरल्या तर पांच ते सहा ग्रॅम झालें. म्हणजे निरोगी प्रौढाच्या साऱ्या देहांतील लोहापेक्षां अधिक लोह एका वर्षांत! पूर्वीं तें उतरविण्यास एकच उपाय असे : डेस्फेरिऑक्सामिन हें औषध आठवड्यांतून पांचसहा रात्री, आठ ते बारा तास, कातडीखालीं सुई ठेवून यंत्रानें हळूहळू सोडणें. त्याचा खर्च आणि त्रास सामान्य कुटुंबास झेपत नसे. तोंडानें घ्यावयाच्या डेफेरिप्रोन या औषधाच्या चाचण्या १९९० नंतर मुंबईच्या रुग्णालयांत झाल्या, आणि विक्रीचा परवाना जगांत प्रथम भारतांत मिळाला. त्यामुळें अनेक घरांतील रात्रीची सुई सुटली.

परंतु ज्या पिशवीनें जीव वांचे, तीच पिशवी कधीं कधीं ‘सी’ विषाणूसहि आंत आणी. भारतांत दात्याच्या रक्ताची या विषाणूसाठीं तपासणी सक्तीची झाली ती २००१ सालीं. तोंपर्यंत जीं मुलें रक्तावर वाढलीं, त्यांतील कित्येकांच्या यकृतांत लोह आणि विषाणु हे दोघेहि एकाच वेळीं घर करून बसले. इटलींतील थॅलॅसेमियाच्या रुग्णांवर झालेल्या व २००२ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत असें आढळलें कीं, यकृत कठीण करण्यास लोह आणि विषाणु हे दोन्ही स्वतंत्रपणें कारण होतात. आईबापांनीं ज्या औषधानें मूल जगविलें त्याच औषधानें त्याचें यकृत दुबळें व्हावें, याहून कठोर प्रसंग कोणता?

आतां सामान्य, म्हणजे थॅलॅसेमिया नसलेल्या, रुग्णांचें पाहूं. त्यांच्याहि रक्तांत लोहाचें व फेरिटिनाचें प्रमाण सुमारें एकतृतीयांश वेळां वाढलेलें दिसे. याचें एक कारण साधें आहे : यकृताच्या पेशी फुटल्या कीं त्यांतील लोह रक्तांत सांडतें. दुसरें कारण अधिक खोल आहे. आंतड्यांतून किती लोह घ्यावें याची ताकीद देणारें ‘हेप्सिडिन’ नांवाचें द्रव्य यकृतच तयार करतें, हें २००० व २००१ सालच्या संशोधनांतून समजलें. ‘सी’ विषाणु या द्रव्याची उत्पत्ति दाबतो. मग द्वारपाळ झोंपला असतां जशी गर्दी आंत शिरावी तसें लोह आंत येतें, यकृतांत सांचतें आणि फेन्टनची आग पेटवितें. थोडक्यांत, लोह हा येथें मूळ गुन्हेगार नव्हे. परंतु तो गुन्हेगाराचा साथीदार खास आहे.

१९८६ सालीं ‘ए नव्हे, बी नव्हे’ या रोगावर अमेरिकेंत इंटरफेरॉनचा प्रयोग झाला आणि विषाणूचें नांवगांव कळण्यापूर्वींच उपचार सुरू झाला. विषाणूविरुद्ध शरीरांत उत्पन्न होणारें हें द्रव्य १९५७ सालीं लंडन येथें आयझॅक्स व लिंडेनमान यांनीं शोधून काढलें होतें. त्याचीं इंजेक्शनें महिनोन्‌महिने घ्यावीं लागत; ताप, अंगदुखी, खिन्नता हीं त्याचीं ठरलेलीं सोबती; आणि इतकें सोसून गुण येई तो थोड्यांनाच. मग डॉक्टर साहजिकच विचारूं लागले : कोणास गुण येतो आणि कोणास येत नाहीं? ‘बी’ विषाणूचा शोध लावणारे ब्लमबर्ग यांनीं, रक्तांतील लोहाचें प्रमाण आणि ‘बी’ विषाणु शरीरांत टिकून राहणें यांचा संबंध असावा, असें १९८१ सालीं दाखविलें होतें. १९९४-९५ च्या सुमारास निरनिराळ्या देशांतून बातमी आली कीं, ‘सी’च्या ज्या रुग्णांच्या यकृतांत लोह अधिक, त्यांच्यांत इंटरफेरॉन बहुधा निष्फळ होतें. मग कोणीहि म्हणेल, लोह आधीं काढून टाका!

जपानांतील डॉक्टरांनीं तें करून पाहिलें. इंटरफेरॉनचा गुण न आलेल्या किंवा तें न सोसणाऱ्या रुग्णांचें रक्त ठराविक अंतरानें काढून त्यांनीं फेरिटिन अगदीं तळाशीं आणलें. लोह कमी असलेला आहार दिला. १९९४ सालीं प्रसिद्ध झालेल्या अनुभवांत, यकृताचा दाह दर्शविणारीं रक्तांतील मानें अशा रुग्णांत उतरलेलीं दिसलीं. २००१ च्या एका अभ्यासांत यकृतपेशींच्या जनुकद्रव्यास लोहाच्या आगीनें होणारी इजाहि या उपायानें कमी झालेली आढळली. विषाणु तसाच राही. पण त्याच्या हातांतील कोलीत काढून घेतलेलें असे. आग विझत नसली तरी तिचा जोर ओसरे.

अमेरिकेंत २००० सालीं दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले. रुग्णांचे दोन गट केले. एकास नुसतें इंटरफेरॉन, दुसऱ्यास रक्त काढून मग इंटरफेरॉन. दाह उतरला हें खरें. पण विषाणु कायमचा जाण्याचें प्रमाण निश्चितपणें वाढलें असें कांहीं सिद्ध झालें नाहीं. इटलींतून थोड्या अनुकूल वार्ता आल्या, तरी एकंदर लाभ बेताचाच राहिला. त्यांतच १९९८ पासून इंटरफेरॉनच्या जोडीस रिबाव्हिरिन आलें आणि मौज अशी कीं, तें औषध तांबड्या पेशी फोडतें; म्हणजे रुग्णास पांडुरोग होतो, तर फुटलेल्या पेशींतील लोह पुन्हां यकृतांतच जाऊन बसतें. रक्तांत दुष्काळ आणि कोठारांत पूर! अशा रुग्णाचा फिकट चेहरा पाहून कोणीं लोहाची गोळी दिली तर ती नेमकी जेथें नको तेथें पोंचावयाची. परळचा धडा येथें पुन्हां आठवावा.

पिएर लुईनें दीडशेंहून अधिक वर्षांपूर्वीं घालून दिलेली मोजदादीची शिस्त या प्रकरणांत उपयोगी पडली, हें आम्हांस विशेष वाटतें. कल्पना मोहक होती, तर्क सुसंगत होता, कांहीं मानें अनुकूल होतीं. तरीहि दोन गट करून मोजल्यावर जें उरलें तेवढेंच शास्त्रानें पदरांत घेतलें. टाकून दिलेल्या उपचाराला परत बोलावणें आणि परत आलेल्याला त्याची मर्यादा दाखविणें, या दोन्ही गोष्टी मोजणाऱ्यासच साधतात.

शेवटीं लोहाचा वाद मिटविला तो थेट विषाणूवर घाव घालणाऱ्या औषधांनीं. सोफोसबुव्हिर या गोळीस अमेरिकेंत डिसेंबर २०१३ मध्यें मान्यता मिळाली. तेथें एका गोळीची किंमत एक हजार डॉलर होती आणि बारा आठवडे ती रोज घ्यावयाची! २०१४ सालीं भारतीय औषध-कारखान्यांना ती बनविण्याचे परवाने मिळाले, आणि किंमत सामान्य माणसाच्या आंवाक्यांत येऊं लागली. या जातीच्या औषधांनीं शंभरांतील पंच्याण्णवांहून अधिक रुग्ण विषाणुमुक्त होतात. इंजेक्शन नाहीं, ताप नाहीं. लोहानें भरलेल्या यकृतांचे थॅलॅसेमियाचे रुग्णहि शंभरांत नव्वदांहून अधिक बरे झाले. म्हणजे लोह हा आतां औषधाच्या वाटेंतला अडसर उरला नाहीं. विषाणु गेल्यावर सामान्य रुग्णाचें वाढलेलें लोह बहुधा आपण होऊनच उतरतें. २८ जुलै २०१८ रोजीं भारत सरकारनें राष्ट्रीय विषाणुजन्य यकृतदाह नियंत्रण कार्यक्रम सुरू केला आणि त्याखालीं सरकारी केंद्रांत तपासणी व औषध मोफत देण्याची व्यवस्था केली. २८ जुलै हा ब्लमबर्ग यांचा जन्मदिवस. जगभर तो यकृतदाह-दिन म्हणून पाळला जातो. एवढें असूनहि जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें २०२२ सालीं सुमारें पांच कोटि लोक या रोगासह जगत होते आणि त्या एका वर्षांत सुमारें २ लाख ४२ हजार माणसें त्यानें मेलीं. औषध आहे, पण रोग मुका असल्यामुळें माणूस तपासणीलाच जात नाहीं.

मग लोहाच्या या इतिहासांतून घरोघर काय न्यावें? आमच्या मतें दोन गोष्टी, आणि त्या परस्परविरुद्ध भासल्या तरी एकमेकींस धरून आहेत. पहिली ही कीं, लोहाची भीति बाळगूं नये. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब-पाहणींत भारतांतील पंधरा ते एकुणपन्नास वर्षांच्या स्त्रियांपैकीं ५७ टक्के पांडुरोगी आढळल्या. दिघीची कोळीण असो कीं पुण्यांतील गृहिणी, गरोदरपणीं आरोग्यसेविकेनें दिलेल्या लोहाच्या गोळ्या तिनें नेमानें घ्याव्या. यकृताच्या रोग्यासाठीं लिहिलेली सूचना वाचून सुनेच्या गोळ्या बंद करणें हा अनर्थ होईल. दुसरी गोष्ट ही कीं, ज्याच्या यकृतांत ‘सी’ विषाणु आहे किंवा यकृत आधींच कठीण झालें आहे, त्यास ‘अंगांत शक्ति यावी’ म्हणून लोहाचें टॉनिक, लोहभस्म किंवा मंडूर डॉक्टरांस न विचारतां देऊं नये. त्याचा थकवा रक्ताच्या कमतरतेचा नसून रोगाचा असूं शकतो. मद्य तर त्यानें सर्वथा वर्ज्य करावें. तें यकृत पोळतें आणि हेप्सिडिनहि दाबून लोहाला वाट करून देतें.

किनाऱ्यावरील लोकांसाठीं आणखी एक सूचना. खडकांवरची कालवें हें कोंकणांतलें आवडतें खाणें, आणि आपल्याकडे तीं शिजवून खातात हें फार चांगलें आहे. उबदार समुद्राच्या पाण्यांत ‘व्हिब्रिओ व्हल्निफिकस’ नांवाचा एक जंतु असतो. त्यास लोहाची अतोनात हांव असते. यकृत बिघडून ज्याच्या रक्तांत लोह मोकळें झालें आहे, त्यानें कच्चीं कालवें खाल्लीं किंवा उघड्या जखमेनें खाऱ्या पाण्यांत काम केलें, तर हा जंतु त्याच्या रक्तांत भराभर वाढतो आणि थोड्या अवधींत प्राणावर बेततें. निरोगी माणसास ज्याचा उपद्रव क्वचितच, तो जंतु केवळ लोहाच्या मेजवानीमुळें काळ होतो. नव्या खाद्यप्रकारांच्या हौसेनें कच्च्या कालवांची चाल आपल्या शहरांतल्या हॉटेलांत येत आहे; यकृताच्या रोग्यानें तिच्यापासून दूरच राहावें.

फेरिटिन मोजण्याची तपासणी आज साध्या प्रयोगशाळेंतहि होते. मात्र तिचा आंकडा एकटा वाचूं नये. कोठल्याहि दाहांत फेरिटिन वाढतें, म्हणून वाढलेला आंकडा म्हणजे लोहाचा सांठाच असें नाहीं. रक्तांतील लोहवाहक प्रथिन कितपत भरलेलें आहे तेंहि डॉक्टर बरोबरच पाहतात. आणि ज्यांना २००१ पूर्वीं कधीं रक्त भरलें असेल, ज्यांनीं न उकळलेल्या सुईनें इंजेक्शनें घेतलीं असतील, किंवा ज्यांचें मूत्रपिंडाच्या रोगासाठीं डायलिसिस झालें असेल, त्यांनीं एकदां ‘सी’ची तपासणी करून घ्यावी. तपासणीस थोडें रक्त लागतें, औषधास बारा आठवडे लागतात. न तपासल्यास वीस वर्षें जातात आणि मग यकृतच जातें.

दोन हजार वर्षें वैद्य कधीं लोह देत आले, कधीं रक्त काढीत आले, आणि दोन्ही गोष्टी बहुतेक वेळां चेहरा पाहूनच करीत आले. अर्वाचीन शास्त्रानें या दोहोंपैकीं एकहि मोडीत काढली नाहीं. कोणास देणें आणि कोणाचें काढणें, एवढेंच तें मोजून सांगूं लागलें. घरांत कोणी महिनोन्‌महिने थकलेलें दिसलें, तर आपल्या मायेनें आधीं औषधांच्या दुकानाकडे न वळतां तपासणीकडे वळावें. दिलेलें लोह यकृत सहसा परत करीत नाहीं.